'धन्य' कोणी कोणास म्हणावे?

आमच्या मंडळ्यांतून 'धन्य' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला जातो की, तो कानावर पडूनही ऐकू येत नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात डोंगरावरील प्रवचनाचा आरंभ ह्याच शब्दाने होतो आणि तेथे तो एकामागून एक असा नऊ वेळा येतो. रविवारी उपासनेत तो गंभीरपणे वाचला जातो. सोमवारी त्याच गावात कोणाचे गुरू शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरले, म्हणजे शेजारी बांधावर उभा राहून कपाळास हात लावतो व म्हणतो, "धन्य आहेस बाबा तू!" शब्द एकच. एके ठिकाणी तो आशीर्वादासारखा वाटतो, दुसऱ्या ठिकाणी शिवीसारखा. तेव्हा हा शब्द मुळात काय सांगतो, आणि तो कोणी कोणास म्हणावा, ह्याचा विचार करणे वायफळ होणार नाही. विशेषेकरून ज्या उपदेशकबंधूंस तो शब्द घेऊन कर्जबाजाऱ्याच्या ओसरीवर आणि प्रेत उचललेल्या घरात जावे लागते, त्यांच्यासाठी हे चार शब्द लिहीत आहो.

मनुष्याला बरे वाटणे ह्या गोष्टीसाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. 'सुख' हा शब्द घ्या. 'सु' म्हणजे चांगले व 'ख' म्हणजे भोक, पोकळी. ऋग्वेदात हा शब्द रथाला लाविलेला आढळतो, आणि ह्यावरून विद्वान असे म्हणतात की, ज्या चाकाचे आसाचे भोक नीट घडलेले आहे तो रथ 'सुख'. बैलगाडी हाकणाऱ्यास ह्याचे अधिक स्पष्टीकरण नको. तुंब्यात आस नीट बसलेला असला, वंगण घातलेले असले, म्हणजे गाडी गुमान चालते. भोक झिजून वाकडे झाले की बैलही रडतात आणि आत बसलेलाही रडतो. सुख म्हणजे असे न खडखडता चालणे. ते चांगलेच आहे. परंतु ते गाडीवर आणि रस्त्यावर अवलंबून आहे.

'आनंद' ह्याची जात निराळी. तो आतून उसळतो. तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचे मोजमाप करण्याचा एक विलक्षण प्रयत्न आहे. तरुण, सुशील, विद्वान, बळकट असा एक मनुष्य कल्पावा, आणि धनाने भरलेली ही सर्व पृथ्वी त्याची आहे असे समजावे. त्याचा जो आनंद तो एक माप. मग त्याच्या शंभर पट, त्याच्या शंभर पट, अशा पायऱ्या चढत चढत तो विचार ब्रह्मानंदापर्यंत जातो. त्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, पहिली सोडून प्रत्येक पायरीवर ऋषी म्हणतात, हा आनंद वासनेने न ग्रासलेल्या वेदज्ञ मनुष्यासही आहेच. म्हणजे माप धनाने सुरू केले खरे, परंतु धनावाचूनही तेथे पोहोचता येते, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या काळीही शिडीने मोजण्याचा हा नाद सुटलेला नाही. २०१२ पासून निघणाऱ्या जागतिक आनंद अहवालासाठी देशोदेशींच्या लोकांस विचारतात की, शून्यापासून दहापर्यंत पायऱ्यांची एक शिडी डोळ्यांपुढे आणा आणि आपण कोणत्या पायरीवर उभे आहो ते सांगा. ज्याने त्याने आपल्यापुरते सांगावयाचे. आनंद आणि सुख ह्यांच्या बाबतीत हे ठीकच आहे. ज्याचे त्याला ठाऊक.

आता 'धन्य' पाहा. हा शब्द उघड उघड 'धन' ह्यापासून झाला आहे. पाणिनीच्या व्याकरणात त्याची फोड दिली आहे ती अशी की, धन मिळविणारा तो धन्य. आणि धन म्हणजे वेदकाळी केवळ पेटीतील द्रव्य नव्हे, तर स्पर्धेत किंवा लढाईत जिंकलेले बक्षीसही होय. ('धान्य' हा शब्द त्याच्या पाठचा भाऊ दिसतो, परंतु त्याची उत्पत्ती दाणे ह्या अर्थाच्या 'धाना' शब्दाकडे लावितात.) म्हणून मराठीत "मी धन्य झालो" असे मनुष्य म्हणतो ते बहुधा काही पदरात पडल्यावर: थोरांचे दर्शन, मुलाचे यश, दारी आलेला पाहुणा. ज्याला काही लाभले तो धन्य.

हे ध्यानात आणून आता मत्तयाचा तो पहिला आशीर्वाद मराठीत पुन्हा वाचा. तेथे 'धन्य' कोणास म्हटले आहे? जे आत्म्याने दीन आहेत त्यांस. दीन म्हणजे ज्याजवळ काही नाही तो. आणि त्याला शब्द कोणता लाविला, तर धन मिळविणारा! हा धक्का मूळ ग्रीक भाषेत अशा रीतीने बसत नाही, तो आपल्याच भाषेने दिलेला आहे. भाषांतर करिताना पुष्कळ गोष्टी हरवतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. येथे एक गोष्ट सापडली आहे, हेही सांगितले पाहिजे.

ग्रीक शब्द 'मकारिओस'. त्याचाही धक्का कमी नाही, परंतु तो दुसऱ्या बाजूने बसतो. होमराच्या काव्यांत ह्या शब्दाचे जुने रूप देवांस लाविलेले आहे, कारण देवांस श्रम नाहीत, चिंता नाही, मरण नाही. पुढे तो मेलेल्यांसही लावू लागले, कारण तेही श्रमांतून सुटले. आजच्या ग्रीक भाषेतही मृताच्या नावामागे त्याच मुळापासून निघालेला शब्द लावितात, जसे आपल्याकडे 'कैलासवासी' म्हणतात तसे. आणि जिवंत माणसांत कोणास? तर देवांसारखे निश्चिंत जगणाऱ्या श्रीमंतांस. देव, मेलेले आणि श्रीमंत, ह्या तिघांच्या पंक्तीत बसणारा शब्द उचलून तो रडणाऱ्यांस आणि छळ सोसणाऱ्यांस लाविला, तेव्हा ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले असेल ह्यात शंका नाही.

ह्या ग्रीक विचाराची परीक्षा करणारी एक कथा हेरोडोटस नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेविली आहे. लुदिया देशाचा राजा क्रीसस हा धनाबद्दल प्रसिद्ध होता. अथेन्सचा सोलोन नावाचा ज्ञानी त्याच्याकडे पाहुणा आला, तेव्हा राजाने त्याला आपली भांडारे दाखविली आणि विचारिले की, तू इतकी पृथ्वी फिरलास, तर सर्वांत भाग्यवान मनुष्य कोण पाहिलास? (ह्या दोघांची भेट काळाच्या हिशेबाने जमत नाही असे पुष्कळ इतिहासज्ञ म्हणतात, परंतु प्रश्न खोटा नाही.) राजाला वाटले, आता आपले नाव निघणार. सोलोनाने अथेन्सच्या तेल्लस नावाच्या एका नागरिकाचे नाव घेतले: नगर सुखी, मुलगे चांगले, नातवंडे पाहिली, आणि शेवटी आपल्या नगरासाठी लढताना मेला. बरे, दुसरा कोण? सोलोन म्हणाला, आर्गसचे दोघे भाऊ, क्लिओबिस आणि बितोन. त्यांच्या आईला सणासाठी देवळात गाडीतून जावयाचे होते आणि बैल शेतातून वेळेवर आले नाहीत. तेव्हा त्या दोघांनी जू आपल्याच खांद्यांवर घेतले आणि आईला सुमारे आठ किलोमीटर, म्हणजे अडीच-तीन कोस, ओढीत नेले. देवळापाशी माणसे गोळा झाली. पुरुषांनी मुलांच्या बळाला धन्य म्हटले आणि बायकांनी आईला धन्य म्हटले की, अशी लेकरे तुझ्या पोटी आली. आईने मुलांसाठी देवीजवळ मनुष्याला जे उत्तम असेल ते मागितले. दोघे जेवले, देवळात झोपले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

क्रीसस रागावला. सोलोनाचे म्हणणे एवढेच होते की, मनुष्य मरेपर्यंत त्याला भाग्यवान म्हणू नये, फार तर आज त्याचे बरे चालले आहे असे म्हणावे. पुढे राजाचा मुलगा शिकारीत मेला, आणि इ.स.पू. ५४६ च्या सुमारास पारसाचा राजा कोरेश ह्याने त्याची राजधानी सार्दीस घेतली. चितेवर चढविल्यावर क्रीससाने सोलोनाचे नाव घेऊन तीनदा हाक मारली, असे हेरोडोटस लिहितो. ॲरिस्टॉटलनेही आपल्या नीतिशास्त्राच्या पहिल्या भागात हाच प्रश्न घेतला आहे आणि तो काहीसा अडखळला आहे. सद्गुणी मनुष्य संकटातही अगदी दीनवाणा होत नाही, असे तो म्हणतो; परंतु ज्याच्यावर ट्रॉयचा राजा प्रियाम ह्याच्यासारखी आपत्ती कोसळली त्याला 'मकारिओस' म्हणावयास त्याची जीभ रेटत नाही. हा प्रामाणिकपणा आहे. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही ह्याहून पुढे गेलो नसतो.

प्रभु येशूने हा शब्द उच्चारिला तो ग्रीक तत्त्वज्ञानातून घेऊन नव्हे. त्याच्या मागे इब्री शास्त्र होते. इब्री भाषेत दोन निराळे शब्द आहेत. एक 'बारूख', तो देवाचे स्तवन करिताना वापरितात आणि देवाने दिलेल्या आशीर्वादाविषयीही वापरितात. मराठी शास्त्रात देवाविषयी आपण तेथे 'धन्यवादित' म्हणतो. दुसरा 'अश्रे', हा स्तोत्रसंहितेचा अगदी पहिला शब्द. जुन्या करारात हा दुसरा शब्द देवाला कोठेही लाविलेला नाही. तो मनुष्यालाच लावितात. आणि तोही बहुधा पाहणाऱ्याच्या तोंडचा उद्गार असतो. जाणाऱ्या माणसाकडे बोट दाखवून जवळच्यास म्हणावे, "बघा, ह्याचे खरे भले आहे!" अशा धाटणीचा तो शब्द आहे. (नव्या करारात मात्र तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ग्रीक 'मकारिओस' दोनदा देवाला लाविलेला आहे.)

येथे मुख्य गोष्ट हाती लागते. सुख आणि आनंद ज्याचे त्याने सांगावे. 'धन्य' हे दुसऱ्याने सांगावे. ती भावना नव्हे, निवाडा आहे. शोक करणारा मनुष्य शिडीच्या शून्याच्या पायरीवर उभा असेल, आणि तसे सांगण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. त्याच्याविषयी काढलेला 'धन्य' हा उद्गार त्याच्या त्या सांगण्याला खोटे ठरवीत नाही. तो म्हणतो इतकेच की, ह्याचे कोठे काय चालले आहे हे ह्याला आज दिसत नाही, पण मला दिसते. म्हणून ज्या घरात कालच लेकरू पुरले आहे तेथे जाऊन आईला "धन्यता मान, आनंद कर" असे सांगणारा उपदेशक शब्दाचा अर्थच समजलेला नाही. निवाडा दुसऱ्याचा, आणि तो अनुभवण्याची आज्ञा मात्र तिला! तिला रडू द्यावे. ते वचनही रडणाऱ्यांसच उद्देशून आहे, रडे आवरलेल्यांस नव्हे.

परंतु निवाडा दुसऱ्याने द्यावयाचा म्हटल्यावर लगेच प्रश्न उभा राहतो की, देणारा कोण? शब्द पवित्र आहे म्हणून त्याचा प्रत्येक उपयोग पवित्र होत नाही. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले आणि लोक बाबेलास बंदिवान गेले. त्या दुःखाचे जे १३७ वे स्तोत्र आहे त्याच्या शेवटी हाच 'अश्रे' शब्द दोनदा येतो, आणि बाबेलचा सूड उगविणाऱ्यास, तिची तान्ही मुले आपटणाऱ्यास, तो लाविलेला आहे. पुष्कळ ठिकाणी उपासनेत ती वचने वगळतात. आमच्या मते ती वगळू नयेत आणि गोडही करू नयेत. लुटलेल्या, हाकलून नेलेल्या माणसाच्या तोंडी 'धन्य' हा शब्द कसा वाकडा होतो हे शास्त्राने लपविलेले नाही. उलट ४१ वे स्तोत्र त्याच शब्दाने सुरू होते, आणि तेथे धन्य कोण, तर दुबळ्याची चिंता वाहणारा.

आता गरिबाला धन्य म्हणण्याविषयी. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ती माणसे अजून आमच्या मंडळ्यांत आहेत. तेव्हा महाराष्ट्रात लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती, आणि पोरांच्या हाती सुकडी पडे तेवढाच आधार होता. अशा खडीच्या ढिगावर बसलेल्या बाईजवळ एखादा पोट भरलेला मनुष्य जाऊन म्हणता की, "बाई, दीन ते धन्य," तर तिने हातातील हातोडा त्याच्या पायावर टाकिला असता तरी तिला दोष देता आला नसता. हे म्हणणे खरे असूनही त्याच्या तोंडी ते खोटे झाले असते. गरिबी ज्याच्या फायद्याची आहे, ज्याच्या वहीत त्या बाईच्या नवऱ्याचा अंगठा आहे, त्याने तिला धन्य म्हणणे हा त्या शब्दाचा सर्वांत वाईट उपयोग होय. बांधावरचा शेजारी निदान उघड थट्टा करितो.

लूकाने ते आशीर्वाद कसे लिहून ठेविले आहेत ते पाहावे. तेथे 'आत्म्याने' हा शब्दच नाही. तेथे सरळ दीन आहेत, आता भुकेले आहेत, आता रडत आहेत, आणि 'ते' नव्हे, 'तुम्ही' म्हणून समोरासमोर बोललेले आहे. चार वेळा धन्य, आणि त्याच्या पाठोपाठ चार वेळा हाय हाय: श्रीमंतांवर, तृप्तांवर, हसणाऱ्यांवर आणि सर्व लोकांनी वाखाणलेल्यांवर. जो कोणी पहिला भाग वाचतो व दुसरा वाचीत नाही, तो शुभवर्तमान वाचीत नसून सावकाराची बाजू मांडीत आहे. आणि बोलणारा कोण होता? ज्याला डोके टेकावयास ठिकाण नव्हते तो. दीनांस धन्य म्हणण्याचा अधिकार त्याला होता, कारण तो त्यांच्यात उभा राहून बोलत होता. उपदेशकाचा अधिकारही त्याच मापाने मोजावा असे आम्हांस वाटते. दाखल्यावर किंवा पगारावर तो अवलंबून नाही. ज्याने त्या घरी रात्र काढिली, ज्याने रुग्णाला खाटेवर घालून दवाखान्यापर्यंत खांदा दिला, त्याने एकदा 'धन्य' म्हटले तर ते पुरते.

आमच्या गावांत हा शब्द सर्वांत अधिक कोणाला लावितात? मुलगे झालेल्या आईला. "धन्य तिची कूस!" आर्गसच्या बायकांनीही तेच म्हटले होते, आणि लूकाच्या अकराव्या अध्यायात गर्दीतील एक बाई प्रभूला पाहून मोठ्याने तेच म्हणते की, ज्या आईने तुला वाढविले तिची कूस धन्य. त्यावर प्रभूने तिला झिडकारिले नाही. परंतु शब्द उचलून दुसरीकडे ठेविला: त्याहीपेक्षा देवाचे वचन ऐकून पाळणारे धन्य. हे वाक्य वाचताना आम्हांस त्या बायांची आठवण होते, ज्यांची ओटी भरली जात नाही, ज्यांना बारशाला मागे उभे करितात, ज्यांच्या नवऱ्याला दुसरे लग्न करण्याचा सल्ला अजूनही देणारे भेटतात. ख्रिस्ती घरांतूनही हे चालते, हे सांगावयास लाज वाटते. त्या बाईंना हे वचन कोणी वाचून दाखविले आहे काय?

शेवटी पुन्हा पाणिनीच्या त्या फोडीकडे येऊ. मिळविणारा तो धन्य. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौल मिलेतास इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेत आहे. तेथे तो प्रभूचे एक वचन सांगतो, जे चारही शुभवर्तमानांत आढळत नाही. त्याचा आशय असा की, घेण्यापेक्षा देण्यात अधिक धन्यता आहे. येथेही मूळ शब्द तोच 'मकारिओस'. ह्या वचनाने आपल्या मराठी शब्दाचे तोंडच फिरविले: मिळविणारा नव्हे, देणारा. परंतु देणारा म्हटला की आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे खळे येते. धान्याची रास, राशीजवळ धनी, आणि कडेला टोपले घेऊन बलुत्यासाठी ताटकळणारे आपलेच आजे-पणजे. देणाऱ्याची मान ताठ, घेणाऱ्याची खाली. तसली धन्यता प्रभूने सांगितली असेल तर ती आम्हांस नको, असे कोणी म्हणाले तर ते रास्तच आहे.

पौलाचे शब्द मात्र नीट वाचावे. तो खळ्याचा धनी नव्हता. तंबू शिवणारा कारागीर होता, आणि ते वचन सांगण्याच्या आधी तो आपले हात पुढे करून म्हणतो की, माझ्या व माझ्या सोबत्यांच्या गरजा ह्याच हातांनी भागविल्या. म्हणजे देण्यासाठी आधी धनी व्हावे लागते असे नाही. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत १९१० पासून एक चाल आहे, तिला तिकडच्या भाषेत 'बुहफाई थम' म्हणतात. घरची बाई स्वयंपाकासाठी तांदूळ घेते तेव्हा शिजविण्यापूर्वी त्यातून एक मूठ बाजूच्या भांड्यात टाकिते. ज्या घरी तांदूळ शिजतो त्या घरी हे होते, घर मोठे असो वा झोपडी. मग मंडळीतील बाया घरोघर जाऊन ते तांदूळ गोळा करितात, ते विकितात, आणि त्या पैशातून सुवार्तेचे काम चालते. त्या मुठीला कोणी पावती देत नाही, आणि ती टाकिताना चुलीपाशी दुसरे कोणी नसते.